नियम आणि नियमाची तारीख

परवा संध्याकाळी शेजारची मुलगी वही घेऊन आली. दहावीपर्यंत मराठी माध्यम, आता इंजिनिअरिंगचं दुसरं वर्ष. डोळे भरलेले. तोंडी परीक्षेत तिने सांगितलं, "जावाच्या इंटरफेसमध्ये स्टॅटिक मेथड लिहिता येत नाही." परीक्षकांनी विचारलं, "का?" हिला काही सांगता येईना. मग ते म्हणाले, "येते. २०१४ पासून येते!"

मी साधा बी.ए. संगणकाशी संबंध हा ब्लॉग लिहिण्यापुरता. पण तिला म्हटलं, मला समजेल असं सांग, म्हणजे तुलाही समजेल. दोन संध्याकाळी गेल्या, आणि मला समजलं ते असं.

इंटरफेस म्हणजे शिक्षकाच्या नेमणुकीच्या अटी. शिकवावं, पेपर तपासावेत, हजेरी घ्यावी. कसं, ते ज्याचं त्याने ठरवावं. अटी मान्य करतो तो क्लास, आणि वर्गात प्रत्यक्ष उभा राहतो तो ऑब्जेक्ट. स्टॅटिक मेथडला मात्र असा कुणी उभा राहावा लागत नाही. टक्केवारी काढायच्या रीतीसारखं आहे ते. मी काढली काय, दुसऱ्या सरांनी काढली काय, उत्तर एकच.

मग ही रीत लिहायची कुठे? पूर्वी अटींच्या कागदावर फक्त अटी, रीतींसाठी वेगळी वही. म्हणून जावात 'कलेक्शन' हा इंटरफेस आणि त्याच्या कामाच्या रीती 'कलेक्शन्स' नावाच्या वेगळ्या क्लासमध्ये. एका 'स'चा फरक, पोरं गोंधळणारच! मार्च २०१४ मध्ये जावा ८ आली आणि रीत अटींच्याच कागदामागे लिहायची सोय झाली. मात्र ती वापरताना इंटरफेसचंच नाव घ्यायचं, अटी मान्य करणाऱ्या क्लासला ती वारशाने मिळत नाही. मला हे फार पटलं. एक क्लास अनेक इंटरफेस पाळू शकतो. दोन्हीकडे एकाच नावाची रीत असली तर कुणाची धरायची? नाव घेऊन हाक मारली की तंटाच नाही.

म्हणजे 'येत नाही' हा नियम एके काळी खराच होता. चूक मुलीची नाही, तिला नियम मिळाला पण त्याचं कारण आणि तारीख मिळाली नाही. नोट्स कुणाच्या तरी जुन्या नोट्सवरून उतरलेल्या, आणि त्या देणाऱ्यांनी कधी उघडून पाहिलं नाही.

त्यांना नावं ठेवायला मी तोंड उघडलं आणि मिटलं. २००६ च्या ऑगस्टमध्ये प्लूटो ग्रहांच्या यादीतून गेला. मी त्या वर्षी भूगोलाचे तासही घेत होतो. पेपरात बातमी वाचली होती, तरी जुन्या वहीवरून नऊ ग्रह पाठ करून घेतले. एका मुलाने हात वर केला होता. मी म्हटलं, "पुस्तकात आहे तेच लिही." तो हात अजून आठवतो.

माझं मत विचाराल तर एवढंच. नियम फळ्यावर लिहिताना शेजारी 'का' आणि 'कधीपासून' लिहावं. शब्द इंग्रजी असोत, 'का' मात्र मुलाच्या भाषेत सांगावं. मराठीतून आलेलं पोर पाठांतराला शरण जातं ते बुद्धी कमी म्हणून नव्हे, 'का' विचारायला इंग्रजी पुरत नाही म्हणून.

असो. मुलगी पुन्हा तोंडीला बसणार आहे. जाताना म्हणाली, "आजोबा, आता कारण सांगता येईल." मी मनातल्या मनात तिला पूर्ण गुण देऊन टाकले.