विषाचे नाव डॉक्टरांना कळलेच पाहिजे

2 आणि 3 डिसेंबर 1984 च्या मध्यरात्री भोपाळच्या हमीदिया रुग्णालयात हजारो माणसे धापा टाकीत येऊ लागली, तेव्हा तेथील डॉक्टरांना व वैद्यकीय विद्यार्थ्यांना आपण कोणत्या विषाशी झुंजत आहोत हेच ठाऊक नव्हते. युनियन कार्बाइडच्या कारखान्यातून सुमारे 40 टन मिथाइल आयसोसायनेट बाहेर पडले होते. हा वायू अश्रुधुरासारखा आहे, डोळे पाण्याने धुवा, एवढेच कंपनीतर्फे सांगण्यात आले! तोंडावर ओले फडके धरावे ही साधी सूचनाही आसपासच्या वस्त्यांना मिळाली नव्हती.

यानंतर जे घडले ते अधिक बोलके आहे. सोडियम थायोसल्फेटच्या इंजेक्शनांनी रुग्णांना आराम पडतो की नाही, यावर महिनोन्‌महिने वाद माजविण्यात आला. कारण गुण येतो असे मान्य केले तर विष रक्तात भिनले हेही मान्य करावे लागले असते, आणि त्यातून कंपनीची जबाबदारी वाढली असती. जून 1985 मध्ये ही इंजेक्शने देणाऱ्या जनस्वास्थ्य केंद्रावर पोलिसांनी छापा घातला व डॉक्टरांना अटक केली. औषधोपचार वर्गहितापासून अलिप्त असतो अशी ज्यांची समजूत असेल, त्यांनी हा इतिहास अवश्य वाचावा.

आमच्या वैद्यकीय महाविद्यालयांत तो कितपत शिकविला जातो? समाजवैद्यकशास्त्र हा विषय बहुधा गुणांपुरता वाचला जातो. भरमसाट शुल्क भरून बाहेर पडणाऱ्या तरुणाला खासगी रुग्णालयाची वाट दिसते, कारखान्यामागची झोपडपट्टी दिसत नाही. रोग्याला त्याचा धंदा विचारावा, असे इटलीच्या रामाझिनीने 1700 साली लिहून ठेवले होते.

इच्छा असेल तर शिक्षण देता येते. मे 2010 च्या उष्णतेच्या लाटेत अहमदाबादेत नेहमीपेक्षा सुमारे 1,300 अधिक मृत्यू झाले; त्यानंतर 2013 मध्ये तेथील महापालिकेने उष्मा कृती योजना आखून डॉक्टरांना व आरोग्यसेवकांना प्रशिक्षण दिले.

परंतु प्रशिक्षित डॉक्टरही विषाचे नाव ओळखून काढू शकत नाही. ते कारखानदाराने सांगावे लागते. म्हणून प्रत्येक कारखान्यातील घातक रसायनांची व त्यांवरील उपचारांची यादी जिल्हा रुग्णालयात, परिचारिका विद्यालयात व कामगार संघटनेकडे असलीच पाहिजे, आणि विद्यार्थ्यांचा काही काळ त्या वस्त्यांत गेला पाहिजे. संकटकाळी दारोदार प्रथम पोहोचते ती आशा कार्यकर्ती. तिला कामगाराचा दर्जा द्यावा अशी शिफारस भारतीय श्रम परिषदेने 2013 मध्येच केली आहे. प्रशिक्षणाबरोबर तिला वेतनही मिळाले पाहिजे.