भुवयांची डागडुजी

‘कायमचा’ हा मराठीतला सर्वांत बेभरवशाचा शब्द आहे, असं माझं फार दिवसांचं मत आहे. मूळव्याधीवर ‘कायमचा इलाज’ करणाऱ्या वैद्याकडे दर महिन्याला तेच ते चेहरे दिसतात. गच्चीची गळती ‘कायमची’ बंद करून गेलेला ठेकेदार पुढच्या मृगात फोन उचलत नाही. आणि अर्जातला ‘कायमचा पत्ता’ हा रकाना भरताना भाड्याच्या घरातल्या माणसाला काय वाटत असेल, ते त्याचं त्यालाच ठाऊक. या मानकऱ्यांच्या पंगतीला गेल्या वीस-पंचवीस वर्षांत आणखी एक पाहुणा येऊन बसला आहे. त्याचं नाव ‘कायमच्या भुवया’.

ज्यांच्या घरात हा प्रकार अजून शिरलेला नाही, त्यांच्यासाठी सांगते. भुवया विरळ झाल्या की त्या जागी सुईनं कातडीत रंग टोचून नव्या भुवया काढतात. म्हणजे गोंदणच. पण गोंदण म्हटलं की जत्रा आठवते आणि जत्रेतला दर आठवतो, म्हणून त्याला इंग्रजी नाव. काढतात तेव्हा त्या काळ्याभोर असतात. काही वर्षांनी करड्या होतात, मग निळसर. पंधराव्या वर्षी पाहावं तर बाईंच्या कपाळावर कुणीतरी रॉयल ब्लू शाईनं दोन स्वल्पविराम देऊन ठेवल्यासारखे दिसतात. काहींच्या निळ्या न होता विटकरी होतात. थोडक्यात, भुवया कायम राहतात. रंग तेवढा राहत नाही.

इथवर माझं काही भांडण नाही. केस पांढरे होतात, दात पिवळे होतात, तशा भुवया निळ्या. माझं भांडण आहे ते पुढच्या प्रकाराशी. ज्यांनी या भुवया ‘कायमच्या’ म्हणून विकल्या, तेच आता त्या ‘दुरुस्त’ करून द्यायला बसले आहेत. आणि दुरुस्ती म्हणजे काय, तर आधीच्या रंगावर दुसरा रंग! माझं स्पष्ट म्हणणं असं की, जुनी भुवई एक तर उतरवावी, नाहीतर आहे तशी सुखानं नांदू द्यावी. रंगावर रंग चढवणं म्हणजे ओल आलेल्या भिंतीवर डिस्टेंपर मारणं आहे. रंगाऱ्याची सोय होते, भिंतीची नाही.

हे ज्ञान मला आमच्या वन्संमुळे झालं. वन्सं आज ६८ वर्षांच्या आहेत. पंचेचाळिशीत त्यांचं थायरॉइड मंदावलं आणि भुवयांची बाहेरची टोकं झडून गेली. या दुखण्यात असं होतं, हे डॉक्टरांना माहीत असतं, नातेवाइकांना नसतं. ‘तुमच्या चेहऱ्यावर काहीतरी कमी वाटतंय हो,’ असं दहा हळदीकुंकवांत दहाजणींनी ऐकवल्यावर त्या मुकाट्यानं जाऊन भुवया टोचून आल्या. तेव्हा फॅशन बारीक, उंच कमानींची होती. त्यामुळे त्या दिवसापासून वन्संच्या चेहऱ्यावर आश्चर्य मुक्कामाला आलं. भाजी महागली तरी आश्चर्य, मुलगा पास झाला तरी आश्चर्य. एकदा कुणाच्या तेराव्याला गेल्या, तर घरच्यांना वाटलं, यांना बातमी आत्ताच कळली! पण बाई खुशीत होत्या. रोज सकाळी आरशापुढे पेन्सिल घेऊन बसायचं त्यांचं वाचलं होतं. हौस म्हणून केलं असतं तरी मी काही म्हटलं नसतं; हे तर हौसेचंही नव्हतं. लोकांच्या जिभा बंद करायचा तो खर्च होता.

मग कमानी निळ्या झाल्या. त्यांच्यावरून कोपरखळ्या मारणाऱ्यांत त्या दहाजणी सर्वांत पुढे, हे वेगळं सांगायला नकोच. अशात नातवाची मुंज ठरली. ‘आई, फोटोत तुझ्या भुवया निळ्या येतात, करेक्शन करून घे,’ असा लेकीचा हुकूम सुटला आणि मामी रिकामीच असते, असं भाचीचं ठाम मत असल्यामुळे सोबतीला माझी रवानगी झाली.

दुकानातली मुलगी गोड होती. वन्संच्या कपाळाजवळ दिवा धरून ती म्हणाली, ‘आन्टी, हे ओल्ड टेक्निक आहे, म्हणून ब्लू झालंय.’

‘पण तेव्हा कायमचं म्हणाला होतात तुम्ही.’

‘परमनंटच आहे ना आन्टी. गेलंय कुठे?’

या उत्तरापुढे भल्या वकिलानंसुद्धा हात जोडले असते. पुढे तिनं बेत सांगितला. पहिल्या बैठकीत निळ्यावर नारिंगी. दुसऱ्या बैठकीत नारिंगीवर तपकिरी. कमानीचं जे टोक नकोसं आहे त्यावर ‘स्किन कलर’, म्हणजे ते दिसायलाच नको. 

‘आणि हे किती टिकेल?’ वन्संनी विचारलं.

‘हे पण परमनंट आन्टी. फक्त वर्षातून एकदा टच-अप.’

‘वर्षातून एकदा करायचं, त्याला आमच्यात श्राद्ध म्हणतात,’ असं म्हणून वन्सं उठल्या. मीही उठले. त्या मुलीवर माझा राग नाही. तिला जे शिकवलं ते ती बोलत होती. राग आहे तो शिकवणाऱ्यांवर.

नारिंगीमागे शास्त्र आहे, हे मान्य. शाळेत असताना ज्यांनी एलिमेंटरीची चित्रकला परीक्षा दिली, त्यांना रंगचक्र आठवत असेल. निळ्यासमोर नारिंगी, तांबड्यासमोर हिरवा. समोरासमोरचे दोघे मिसळले की दोघंही मान टाकतात आणि मातकट काहीतरी उरतं. म्हणून निळ्या भुवईवर नारिंगी टोचायचं, विटकरी भुवईवर शेवाळी. कागदावर हे चोख आहे. पण कागदावरचं चित्र बिघडलं तर मास्तर दुसरा कागद देतात. कपाळ दुसरं मिळत नाही.

मुळात भुवई निळी का होते? जुन्या काळ्या रंगात बहुतेक वेळा कार्बन असतो, म्हणजे साध्या भाषेत काजळी. ती कातडीच्या आतल्या थरात बसली की वरच्या कातडीतून गाळून आलेल्या उजेडात आपल्याला निळसर दिसते. टोचणाऱ्याचा हात जितका खोल, तितकी अधिक. मनगटावरच्या शिरा निळ्या दिसतात, म्हणून काही आत निळं रक्त वाहत नसतं, तसंच हे. म्हणजे वन्संच्या भुवया आतून अजून काळ्याच आहेत. निळा रंग हा मधल्या पडद्याचा. विटकरी भुवईची गोष्ट वेगळी. तपकिरी रंगात लोखंडाच्या तांबड्या, पिवळ्या, काळ्या गंजांची भेळ असते. त्यातले बाकीचे आधी विरतात आणि तांबडा मागे राहून घर सांभाळतो.

आणि हा रंग आत टिकतो कसा, तेही ऐकण्यासारखं आहे. कातडीतल्या काही पेशींचं काम बाहेरून आलेला कचरा गिळण्याचं. त्या शाईचे कण गिळतात, पण पचवू शकत नाहीत. २०१८ साली फ्रान्समधल्या मार्से इथल्या शास्त्रज्ञांनी उंदरांच्या शेपट्या गोंदून दाखवून दिलं की, अशी पेशी मेली की तिच्यातली शाई मोकळी होते आणि नवी आलेली पेशी ती पुन्हा गिळून बसते. सरकारी कचेरीत वावरलेल्या कुणालाही यात नवल वाटणार नाही. साहेब निवृत्त होतात, फाईल निकालात निघत नाही. चार्ज तेवढा पुढच्या साहेबाकडे जातो. आता या टेबलावर तुम्ही नारिंगी फाईल आणून टाकलीत, मग तपकिरी टाकलीत, तर काय होईल? तीन फायली होतील! आणि तिन्ही रंग एकाच वेगानं विरतील, असा करार त्यांनी कुणाशी केलेला नसतो. नारिंगी आधी विरला तर निळा पुन्हा डोकं वर काढतो. तो मागे राहिला तर कपाळावर आंबेहळद लावल्यासारखं दिसतं. मग दुरुस्तीची दुरुस्ती. दर दुरुस्तीत रेघ थोडी रुंद होते, कातडी थोडी निबर होते. बारीक कमान घेऊन गेलेली बाई चार वर्षांनी झाडूचे फटकारे घेऊन परत येते.

पण माझ्या रागाचं खरं कारण याच्याही पुढे आहे. जुना रंग खरोखर उतरवायचा असेल, तर आज त्यासाठी लेसर आहे. नेमक्या लहरीचा, अगदी क्षणभराचा उजेड सोडला तर आजूबाजूची कातडी न भाजता आतली हवी तीच गोष्ट तापवता येते, हे तत्त्व १९८३ साली अँडरसन आणि पॅरिश या अमेरिकन डॉक्टरांनी मांडलं. त्या झटक्यानं शाईचे कण फुटतात आणि शरीर ते हळूहळू वाहून नेतं. नुसती काजळी असेल तर हे काम चांगलं जमतं. १०६४ नॅनोमीटरची लहर आपल्या सावळ्या कातडीलाही त्यातल्या त्यात मानवते. आणि ज्या रंगांनी ‘दुरुस्ती’ करतात, नेमके तेच रंग या लेसरला दगा देतात. तांबडा गंज लेसरनं काळा पडू शकतो. ‘स्किन कलर’मध्ये पांढरेपणासाठी घातलेलं टायटॅनियम करडं-निळं होऊ शकतं. १९९३ साली याच अँडरसननी सहकाऱ्यांबरोबर हे लिहून ठेवलं आहे. म्हणजे निळी भुवई घेऊन डॉक्टरकडे गेलात तर वाट सरळ. दुरुस्त केलेली भुवई घेऊन गेलात तर डॉक्टरच डोक्याला हात लावतात. आमच्या ओळखीतल्या एका बाईंनी आधी टोकावर कातडीचा रंग चढवला आणि मग लेसर केलं. पहिल्याच झटक्याला तो अदृश्य झालेला भाग काळा कुळकुळीत होऊन उभा राहिला. दुकानानं सांगितलं, ‘ते डॉक्टरांना विचारा.’ डॉक्टरांनी विचारलं, ‘आत नक्की काय घातलं होतं?’ त्या बाटलीवर काय लिहिलं होतं, हे कुणाला ठाऊक? २०२२ च्या जानेवारीपासून युरोपीय संघानं गोंदणाच्या शाईतल्या हजारो रसायनांवर बंधनं घातली. आपल्याकडे अंगात काय टोचतोय, एवढं विचारलं तरी ‘इंपोर्टेड आहे’ हे उत्तर पुरतं.

‘पण काहींच्या दुरुस्त्या छान होतात की!’ असं कुणी म्हणेल. होतात. जुना रंग पार विरून सावलीएवढा उरला असेल, हात जाणता असेल, तर जमतंही. पण असा जाणता हात दहा गिऱ्हाइकांतल्या सहांना ‘तुम्हाला हे नको, आधी उतरवा’ म्हणून परत पाठवतो. ज्या दुकानातून कुणीच परत येत नाही, तिथला हात जाणता नसतो. गल्ला जाणता असतो.

माझ्या आजीच्या कपाळावर आणि दोन्ही हातांवर गोंदण होतं. काजळीचंच. ते हिरवं पडलं होतं, कडा पसरल्या होत्या, हातावरच्या तुळशीवृंदावनाचं झुडूप झालं होतं. त्याचं फार कौतुक मी करणार नाही. आठव्या वर्षी दोघीतिघींनी धरून ठेवून ते तिला टोचलं होतं, तिला विचारलं कुणी? पण एक गोष्ट खरी. ‘अंगावरचं सोनंनाणं काढून घेतात, गोंदण तेवढं बरोबर येतं,’ असं म्हणणाऱ्या त्या पिढीत हिरव्या पडलेल्या गोंदणाला ‘बिघडलं’ कुणी म्हणालं नाही. शाई म्हातारी झाली, एवढंच. वन्संच्या भुवईत तीच काजळी आहे आणि तीच कातडी आहे. फरक इतकाच की, आजीच्या वेळी दुरुस्तीचं दुकान नव्हतं.

वन्सं शेवटी त्वचारोगतज्ज्ञांकडे गेल्या. डॉक्टरांनी गोड काही सांगितलं नाही, म्हणून माझा विश्वास बसला. आधी टोकाशी एक ठिपका करून पाहू, सहा आठवडे थांबू. डोळ्यांवर धातूच्या वाट्या बसवू. उरलेले केस काही दिवस पांढरे होतील. चार-पाच बैठका लागतील, आणि तरी सगळं जाईल असं मी लिहून देणार नाही. मुंज तोवर पेन्सिलीवर निभावली. पेन्सिलीचा मोठेपणा असा की, संध्याकाळी ती पुसते. आता तीन बैठकांनंतर निळं जाऊन फिकट राख उरली आहे आणि वन्सं म्हणतात, ‘एवढं पुरे. उरलेलं राहू दे. इतक्या वर्षांचं आश्चर्य एकदम गेलं तर लोक मला ओळखायचे नाहीत.’

हा निर्णय मला आवडला, कारण तो त्यांचा होता. लेकीचा नाही, त्या दहाजणींचा नाही आणि दुकानाचा तर नाहीच. निळ्या भुवयांच्या समस्त भगिनींना माझं सांगणं एवढंच. लाजायचं काही कारण नाही. चूक तुमची नाही, शब्दाची आहे. उतरवायच्या असतील तर डॉक्टरकडे जा, आधी ठिपका करून बघा. नसतील उतरवायच्या तर ऐटीत मिरवा. फक्त नारिंगी बाटली उघडलेली दिसली की पर्स उचला.

आणि दुकानदारांना एक फुकटची सूचना. पाटीवरचा ‘परमनंट’ हा शब्द खोडा आणि तिथे ‘चिवट’ असं लिहा. गिऱ्हाईक थोडं कमी येईल, पण जे येईल ते डोळे उघडे ठेवून येईल. भुवया काय, त्यांच्यावर आहेतच.