संशय पाद्र्यावरच का?

आधी पूर्वपक्ष. ईथन कोएनचा ‘हनी डोन्ट!’ मे २०२५मध्ये कान महोत्सवात मध्यरात्रीच्या खेळाला दाखवला गेला आणि ऑगस्टमध्ये अमेरिकेत लागला. बहुतेक समीक्षकांनी तोंड वाकडं केलं. तक्रार साधारण एकच होती. हनी ओ’डोनाह्यू (मार्गारेट क्वाली) ही खासगी गुप्तहेर आणि रेव्हरंड ड्रू डेव्हलिन (क्रिस एव्हन्स) हा चर्चच्या आडून अमली पदार्थ विकणारा, भक्तिणींना पलंगावर ओढणारा पाद्री, अशी तगडी जोडी हाताशी असताना दोघांची निर्णायक टक्कर होतच नाही. हनी त्याचं बिंग फोडत नाही. मग दीड तास तो पाद्री दाखवला कशाला?

तक्रार खोटी नाही. तिच्यातून काढलेला निष्कर्ष मात्र चुकला आहे. (ज्यांना चित्रपट पाहायचाय त्यांनी इथेच थांबावं. पुढे सगळं उघड होणार आहे.)

चित्रपट सुरू होतो तो कॅलिफोर्नियातल्या बेकर्सफिल्डजवळ दरीत उलटलेल्या मोटारीपाशी. शेर नावाची एक फ्रेंच बाई शांतपणे खाली उतरते आणि मेलेल्या तरुणीच्या बोटातली अंगठी काढून घेते. अंगठीवर ड्रूच्या ‘फोर-वे टेम्पल’ची खूण. झालं! प्रेक्षकाने तिथेच निकाल लिहून टाकला. पुढे हनीची भाची बेपत्ता होते तेव्हाही बोट आपसूक चर्चकडेच वळतं. ‘बुवा तेथे बाया’ लिहिणाऱ्या अत्र्यांच्या महाराष्ट्रात तर ते आणखी झटकन वळेल. भोंदू दिसला की गुन्हेगार सापडला, ही सवय आपल्याही हाडीमांसी खिळलेली.

प्रत्यक्षात भाचीला पळवणारी निघते एमजी फाल्कोन (ऑब्री प्लाझा). ती पोलिसात आहे, आणि या तपासाच्या काळात हनीच्याच अंथरुणात आहे. हनी पुरुषांना नेमकं ओळखते. मार्टी हा पोलिस अधिकारी पुन्हापुन्हा गळ घालतो आणि ती प्रत्येक वेळी न चिडता त्याला सांगते की तिला बायका आवडतात. भाचीच्या दांडगट मित्राच्या गाडीवरचं राजकीय स्टिकर ती दुसरं चिकटवून झाकून टाकते. असल्या बाईची नजर अडते ती फक्त प्रेमापाशी. पाद्री हे आमिष आहे आणि ते गिळतो प्रेक्षक. दोन धागे जुळले असते तर हा डाव उधळला असता.

गुप्तहेराने सगळं जुळवून दाखवलंच पाहिजे, ही अट तरी कुणी घातली? ‘द बिग स्लीप’च्या चित्रीकरणात मोटारचालकाला कोणी मारलं हे मूळ लेखक रेमंड चँडलरलाही सांगता आलं नव्हतं, हा किस्सा प्रसिद्ध आहे. १९४६चा तो चित्रपट आजही अभिजात मानला जातो. कोएन बंधूंच्या पहिल्याच चित्रपटात, १९८४च्या ‘ब्लड सिंपल’मध्ये, खासगी गुप्तहेर स्वतःच खुनी आहे. १९९८च्या ‘द बिग लेबोव्स्की’तला गुप्तहेर तर फोक्सवॅगनमधून पाठलाग करत फिरतो आणि त्याला शेवटपर्यंत काही कळलेलं नसतं. त्यातलं अपहरण खरं नाही, बॅगेत पैसे नाहीत. तेव्हाही समीक्षकांनी नाकं मुरडली होती. २०१४मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय चित्रपट नोंदवहीत त्याला मानाची जागा मिळाली.

‘बिग लेबोव्स्की’च्या संकलकांमध्ये ट्रिशिया कूक होती. ‘हनी डोन्ट!’ तिने पती ईथनबरोबर लिहिला आहे. त्यामुळे भाऊ जोएलविना ईथन म्हणजे अर्धाच कोएन, हा टोमणाही लंगडा पडतो. इथे जोडी आहेच, फक्त दुसरी आहे. २०२४च्या ‘ड्राइव्ह-अवे डॉल्स’पासून या दोघांना समलिंगी नायिकांचे स्वस्त, चटपटीत, एका तिकिटात दोन खेळांच्या जमान्यात दुसरा म्हणून लागायचे तसले चित्रपट करायचे आहेत. त्यांना कोएन बंधूंच्या ‘फार्गो’च्या मापाने मोजणं म्हणजे वडापाव खाऊन पुरणपोळीची चव नाही म्हणणं.

आता पाद्र्याचं. हॉलिवूडने भोंदू उपदेशकाला कायम भव्य केलं. ‘नाइट ऑफ द हंटर’मध्ये (१९५५) रॉबर्ट मिचमच्या बोटांवर प्रेम आणि द्वेष हे शब्द गोंदलेले. ‘एल्मर गँट्री’साठी (१९६०) बर्ट लँकेस्टरला ऑस्कर. कोएनचा ड्रू त्या मानाने अगदीच किरकोळ. देखणा, आळशी, नोकरांवर खेकसणारा, शरण जाणं म्हणजे काय यावर व्यासपीठावरून बोलणारा आणि खाली उतरताच तेच शयनगृहात वापरणारा. त्याचा निकाल लावते तीच शेर, धंद्यातल्या मालकांच्या वतीने. सत्य, न्याय, पश्चात्ताप, कशाचाही इथे संबंध येत नाही. हिशेब चुकला, माणूस गेला.

हे अमेरिकेच्या अनुभवाला धरूनच आहे. टीव्हीवरचा उपदेशक जिम बेकर प्रवचनामुळे पडला नाही, हिशेबामुळे पडला. एक हजार डॉलर घेऊन त्याने भक्तांना ‘हेरिटेज यूएसए’ या आपल्या धार्मिक थीम पार्कातल्या हॉटेलात दर वर्षी मुक्कामाचा आजन्म हक्क विकला, आणि खोल्या होत्या त्याहून कितीतरी अधिक लोकांना विकला. ‘शार्लट ऑब्झर्व्हर’ने त्याची लफडी खणून काढली आणि १९८८चं पुलित्झर मिळवलं. १९८९मध्ये बेकरला ४५ वर्षांची शिक्षा झाली. ती घटली, १९९४मध्ये तो सुटला आणि २००३मध्ये पुन्हा टीव्हीवर उभा राहिला. नंतर तो जगबुडीसाठी टिकाऊ अन्नाच्या बादल्या विकत होता. अशा माणसासमोर गुप्तहेर बिंग फोडायला उभी राहिली असती, तर तो प्रसंग टाळ्यांचा झाला असता, खरा नाही.

दोष आहेत, ते लपवायचं कारण नाही. एमजीने असं का केलं याचं उत्तर शेवटच्या काही मिनिटांत भाषण करून दिलंय, आणि ते कच्चं आहे. ड्रूचे पलंगावरचे प्रसंग दोनदा हसवतात, तिसऱ्यांदा वेळ खातात. हनीच्या बापाचं अचानक उगवणंही अर्धवट सुटलंय. पण श्रेयनामावलीच पाहा. कलाकारांची नावं दुकानांच्या पाट्यांवर, बेकर्सफिल्डच्या ओसाड भिंतींवर दिसत जातात, जणू ही माणसं त्या शहराच्या भंगारातूनच निघाली.

आणि शेवट. एमजीच्या घरातून जिवानिशी सुटलेली हनी गाडी घेऊन सिग्नलला थांबते. शेजारी स्कूटरवर शेर. दोघी एकमेकींकडे बघतात, हसतात. समोर कोण आहे याची हनीला कल्पनाही नसते.