वीजवाहक प्लास्टिक आणि ताळेबंदाबाहेरचा खर्च

प्लास्टिक विजेला अडविते, ही समजूत घरातील प्रत्येक तारेच्या आवरणाने दृढ केलेली आहे. १९७७ साली जपानचे हिदेकी शिराकावा आणि अमेरिकेतील ॲलन मॅकडायर्मिड व ॲलन हीगर यांनी तिला तडा दिला. पॉलिॲसिटिलीन या पॉलिमरवर आयोडीनची प्रक्रिया करताच त्याची वीजवहनक्षमता कोट्यवधी पटींनी वाढली. या कार्यासाठी २००० साली तिघांना रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले.

पॉलिॲसिटिलीन हवेत टिकत नाही. त्यामुळे उद्योगाची दृष्टी वळली ती पॉलिॲनिलीनकडे. हे नाव नवे वाटले तरी वस्तू जुनी आहे. एकोणिसाव्या शतकात सुती कापडाला पक्का काळा रंग देणारे ‘ॲनिलीन ब्लॅक’ हे याच कुळातले. रंग आणि रसायनांच्या व्यवसायात ज्यांच्या पिढ्या गेल्या, अशा अंबरनाथ, बदलापूर पट्ट्यातील कुटुंबांना म्हणूनच हा विषय अगदी परका नाही.

कृती वरवर सोपी आहे. ॲनिलीन आम्लयुक्त पाण्यात विरघळवून, थंड ठेवून, त्यात अमोनियम परसल्फेट हा ऑक्सिडीकारक घालतात. काही काळ काहीच घडत नाही. मग तापमान एकदम चढते आणि हिरवा साका तळाशी बसतो. अडचण पुढे येते. हा साका वितळत नाही आणि सामान्य द्रावकांत सहजी विरघळतही नाही. मग त्याचा रंगलेप करायचा कसा? येथे कोपॉलिमर उपयोगी पडतो. ॲनिलीनबरोबर ऑर्थो-टोल्यूडीनसारखा भाऊबंद मिसळला की साखळीत मधूनमधून मिथाइल गट येतात, साखळ्या एकमेकींना घट्ट बिलगत नाहीत आणि विद्राव्यता वाढते. त्याची किंमत मात्र मोजावी लागते; वीजवहन कमी होते. तथापि इलेक्ट्रॉनिक सुटे भाग गुंडाळण्याच्या स्थिरवीजरोधक वेष्टनाला, लोखंड गंजू न देणाऱ्या लेपाला किंवा अमोनिया ओळखणाऱ्या संवेदकाला तांब्याइतकी वाहकता लागतच नाही. ग्राहकाला जेवढे हवे तेवढेच देण्यात व्यापार आहे.

प्रकल्प अहवालात येथवरचा भाग ठळक अक्षरांत असतो. पुढचा भाग बहुधा एका ओळीत उरकलेला असतो. प्रयोगशाळेच्या नेहमीच्या कृतीनुसार एक किलो ॲनिलीनला सुमारे तीन किलो परसल्फेट आणि पन्नास लिटरहून अधिक पाणी लागते. ते तीन किलो मालात उतरत नाहीत. बहुतांश सल्फेटच्या रूपाने आम्लधर्मी सांडपाण्यात जातात. म्हणजे विक्रीच्या प्रत्येक किलोमागे त्याच्या कितीतरी पट वजनाची जबाबदारी दाराबाहेर उभी राहते. तिची प्रक्रिया करण्याचा खर्च गृहीत धरला नाही, तर ताळेबंदातील नफा कागदावरचाच ठरतो.

दाराबाहेर वालधुनी आहे. मलंगगडाच्या परिसरातून निघणारी, अंबरनाथच्या १०६० सालच्या शिलाहारकालीन शिवमंदिराला स्पर्शून उल्हासनगरातून जाणारी ही नदी आज नाल्याच्या रूपात ओळखली जाते. २०१४ च्या नोव्हेंबरअखेरीस तिच्यात सोडलेल्या रसायनातून उठलेल्या वायूने उल्हासनगरातील शेकडो रहिवाशांना रुग्णालयात जावे लागले. त्या रात्री ज्यांचा श्वास कोंडला, त्यांचा कोणत्याही कारखान्याच्या हिशेबाशी संबंध नव्हता.

दुसरी जबाबदारी घराच्या आतली आहे. ॲनिलीन श्वासावाटेच नव्हे, तर त्वचेतूनही शरीरात शिरते आणि रक्ताची प्राणवायू वाहण्याची शक्ती कमी करते. ओठ व नखे निळसर होणे हे त्याचे लक्षण. ऑर्थो-टोल्यूडीनला आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने मानवात कर्करोग घडविणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात ठेवले आहे. त्याचा संबंध मूत्राशयाच्या कर्करोगाशी आहे. लहान कारखान्यांत तपासणी, वजन आणि भरणी यांची कामे पुष्कळदा स्त्रियाच करतात. कित्येक ठिकाणी त्या घरच्याच लेकी-सुना असतात. गर्भाला मिळणारा प्राणवायू मातेच्या रक्तातूनच येतो. म्हणून दिवस गेल्याची शंका येताच अशा स्त्रीला या कामावरून दूर करणे आणि डॉक्टरांना कामाचे खरे स्वरूप सांगणे आवश्यक आहे. संकोचामुळे हे सांगणे टळते. सासूबाईंनी पुढाकार घेतला तर टळत नाही. कारखान्यातले कपडे घरच्या कपड्यांत धुण्यास टाकू नयेत, हा नियम पुरुषांनाही लागू आहे.

नव्या पिढीतील कुणी रसायनशास्त्राचा पदवीधर असा उद्योग सुचवीत असेल, तर त्याला निरुत्साही करण्याचे कारण नाही. भागीदारीपत्रावर सही करण्यापूर्वी वडीलधाऱ्यांनी त्याला चार प्रश्न विचारावेत. माल घेणारा ग्राहक लेखी कोण आहे? एकदम चढणारी उष्णता मोठ्या भांड्यात आवरण्याची व्यवस्था कोणती? सांडपाण्याचा किलोमागे खर्च किती? आणि हातमोजे, वायुवीजन व रक्ततपासणी यांची तरतूद कोणत्या खात्यात? उत्तरे आकड्यांत मिळाली तर भांडवल घालावे. ‘पुढे पाहू’ असे उत्तर मिळाले तर भांडवलही पुढेच पाहावे.