नर्तकीची कटी आणि आपले तेल

अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षा एप्रिल-मे व नोव्हेंबर-डिसेंबर या काळात होतात. त्यापूर्वीच्या महिन्यात नाशिकमधील माझ्या चिकित्सालयात कथक व भरतनाट्यम् शिकणाऱ्या मुली कंबर धरून येऊ लागतात. कालिदास कलामंदिरात नृत्याचे कार्यक्रम असले की त्यांत भर पडते. आपण ‘कटिशूल’ असे निदान लिहितो, महानारायण तेल व योगराज गुग्गुळ देतो, फार तर सात दिवस कटिबस्ती करतो. वेदना शमते, मुलगी तालमीस जाते आणि महिन्याभराने परत येते.

काही वर्षांपूर्वी एका विद्यार्थिनीस मी असा तीनदा कटिबस्ती दिला. मागे वाकताना एकाच बाजूस दुखते, असे ती सांगत होती. मी तिकडे दुर्लक्ष केले. पुढे अस्थितज्ज्ञांच्या तपासणीत कटिकशेरुकेस ताणजन्य अस्थिभंग आढळला. वेदना शमवून मीच तिला नाचण्याची मुभा दिली होती. दोष तेलाचा नव्हता, माझ्या परीक्षणाचा होता.

नाट्यशास्त्रात भरतमुनींनी चारीविधानाच्या ओघात ‘सौष्ठव’ सांगितले आहे. कटी व कर्ण, कूर्पर, स्कंध व शिर स्वाभाविक सम स्थितीत, छाती उन्नत, शरीर अचंचल. ना फार ताठ, ना वाकलेले. सौष्ठवाविना अंगांना शोभा नाही, असे ते बजावतात. त्याच ठिकाणी तेलाचा अभ्यंग, नस्य, बस्ती व आहारही येतात. मुनींनी तेल व्यायामाच्या जोडीला सांगितले. आपण ते व्यायामाच्या जागी आणून ठेवले.

कथकात एकेका पायात शंभर-दीडशे घुंगरू बांधून तत्कार चालतो. भरतनाट्यमात अरैमंडीत वंक्षणसंधी पुरेसा बाहेर वळत नसेल, तर मुली गुडघे व पावले बळाने वळवतात. श्रोणी पुढे कलते, कंबरेचा बाक वाढतो. हा भार श्वासपटल, उदराचे खोल स्नायू, पाठीचे कशेरुकांलगतचे स्नायू व श्रोणितळ यांनी मिळून पेलावयाचा असतो. ते दुर्बल असतील तर तो अस्थिसंधींवर पडतो. कटी हे वाताचे स्थान. तेथे नित्य आघात व अतिव्यायाम घडल्यास प्रकोप ठरलेलाच. अर्धशक्ती व्यायामाचा नियम आपण रोग्यास सांगतो. परीक्षेच्या तोंडावर चार-चार तास नाचणाऱ्या मुलीस मात्र सांगत नाही.

‘व्यायाम शिकविणे हे वैद्याचे काम नव्हे’, असा आक्षेप काही सहकारी घेतात. मला तो मान्य नाही. व्यायाम हा आपल्या दिनचर्येचाच भाग आहे. रुग्णेस उभी करून पाहावे, एका पायावर तोलून पाहावे, तिची अरैमंडी पाहावी. उताणे निजून गुडघे दुमडून, श्वास न कोंडता पोट आवळणे, सेतुबंध, एकपाद तोल असे साधे अभ्यास क्रमाने वाढवावेत. जेथे आपले ज्ञान अपुरे पडेल तेथे भौतिकोपचारतज्ज्ञांचे साहाय्य घेण्यात कमीपणा नाही. आहार व मासिक पाळी यांची चौकशी तर अवश्य करावी. सडपातळ दिसण्यासाठी उपाशी राहणाऱ्या मुलीची पाळी थांबते व अस्थी क्षीण होतात. प्राण आहाराधीन आणि व्यायाम प्राणाधीन, हा मुनींचाच अभिप्राय आहे.

औषधी दुकानदार बंधूंनाही एक विनंती. नर्तकीच्या पालकांनी गुग्गुळ मागितल्यास तीन प्रश्न विचारावेत: रात्री निजल्यावरही दुखते का? पायात बधिरता किंवा अशक्तपणा आहे का? दुखणे तीन आठवड्यांहून जुने आहे का? एकही उत्तर होकारार्थी असल्यास वैद्याकडे पाठवावे. मूत्राचा वेग आवरत नसेल वा मूत्र अडत असेल तर तत्काळ रुग्णालयात. महायोगराज गुग्गुळात धातूंच्या भस्मांचा समावेश असतो; तो तर चिठ्ठीवाचून देऊच नये.

एक बाटली कमी खपेल, हे खरे. परंतु एका मुलीचे नृत्य वाचेल. सभासदांनी याचा विचार करावा, ही नम्र विनंती.