दुपारची झोप कुणाच्या सोयीची?

"झोपली का एकदाची?" रोज रात्री अकराच्या सुमारास आमचे चिरंजीव बाहेरच्या खोलीतून दबक्या आवाजात विचारायचे. आतून उत्तर यायचं नाही. उत्तर दिलं की नात टक्क जागी! सोळा महिन्यांची पोर, पण अकरा-साडेअकराशिवाय डोळा मिटायचा नाही. सून बिचारी अंधारात तिला थोपटत बसलेली, आणि सकाळी तिला लोकल गाठायची.

आम्ही लोणावळ्यात राहतो. सुनेची नोकरी पुण्यात, शिवाजीनगरला. जाताना सव्वा-दीड तास, येताना तेवढाच. घरी यायला रात्रीचे साडेसात-आठ होतात. दिवसभर नात माझ्याकडे. मी आपली कौतुकानं सांगायची, "आज काही त्रास नाही हो, चार ते सहा छान झोपली." सून म्हणायची, "हो का, आई." पुढे एक शब्द नाही.

एकदा तिला लोकलमध्ये इतकी गाढ झोप लागली, की शिवाजीनगर मागे पडलं आणि जाग आली ती पुणे स्टेशनात. घरी येऊन तिनंच गंमत म्हणून सांगितलं. मी हसले. मग माझी मलाच लाज वाटली. कारण ती चार ते सहाची झोप नातीच्या सोयीची नव्हती, माझ्या सोयीची होती. दुपारी मी आडवी होणार, तेव्हा ती माझ्या उशाशी खेळणार. मग ती झोपली की माझा स्वयंपाक, दिवाबत्ती सगळं निवांत. माझ्या त्या दोन तासांची किंमत सून रात्री मोजत होती. आणि वर चारजणी तिलाच विचारणार, "अगं, काही वळण लावलंस की नाही?"

तर आम्ही वळण लावलं, पण आधी घरातल्या मोठ्यांना. जागतिक आरोग्य संघटनेनं 2019 मध्ये सांगितलंय, की एक ते दोन वर्षांच्या मुलाला दिवसरात्र मिळून 11 ते 14 तास झोप हवी, दुपारची धरून. साधारण दीड वर्षाच्या आसपास पुष्कळ मुलं दिवसाच्या दोन झोपांवरून एकीवर येतात. म्हणून मी तिचं जेवण साडेअकरालाच उरकायला लागले. साडेबाराला झोप, आणि तीनच्या आत उठवायचंच. पहिले चार दिवस तिनं रडून घर डोक्यावर घेतलं. त्यात आषाढ, भर दुपारी दिवे लावावे लागतात असा आमच्याकडचा अंधार. त्या पोरीला सकाळ कुठली नि संध्याकाळ कुठली कळणार कशी? मग उठल्याबरोबर पडदे बाजूला सारून, सगळे दिवे लावून गाणी म्हणायची. आठवड्यात गाडी रुळावर आली. (शेजारच्या काकूंचा सल्ला होता, "दुपारी झोपवूच नका, रात्री आपोआप गळेल." तेही करून पाहिलं होतं. फार दमलेलं मूल झोपत नाही, किरकिरतं.)

खरी अडचण पुढेच आली. रात्री आठला निजवायचं ठरलं, तेव्हा सुनेनं विचारलं, "आई, मग मी तिला बघणार कधी?"

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. पुस्तकं वेळा सांगतात. त्या वेळांत आईची लोकल बसते का, हे कोण बघणार? शेवटी नऊ ते सहा ठरलं. सकाळचा डबा चिरंजीवांकडे, तो तासभर मायलेकींचा. रात्री आल्या आल्या लेकीला हवेत उडवणं बंद, टीव्ही बंद. नऊ तास रात्रीचे, दोन-सव्वादोन दुपारचे. अकराच्या काठावर आहोत, पण आहोत.

आमच्याकडे भाजी घेऊन येणारी कामशेतकडची बाई हे ऐकून म्हणाली, "आमची पोरं बांधावर झोळीत झोपतात, त्यांना कसलं आलंय टायमटेबल!" ऐकायला छान वाटतं. पण मावळात भातलावणीच्या दिवसांत बाई दिवसभर चिखलात वाकलेली, आणि प्लास्टिकच्या कागदाखाली ते लेकरू. नाहीतर त्याला सांभाळायला शाळा बुडवून बसलेली मोठी बहीण. अंगणवाडीतली शाळा तीन वर्षांच्या पुढच्यांची. त्याखालच्यांना लस आणि घरी न्यायचा आहार मिळतो, टेकायला चटई नाही. पन्नास किंवा जास्त माणसं कामाला असतील तिथे पाळणाघर हवं, असा कायदा 2017 मध्ये झाला. चार बाया लावणीला घेणाऱ्या शेताला तो कुठून लागणार? केंद्राच्या 2022 पासूनच्या 'पाळणा' योजनेत अंगणवाडीलाच पाळणाघर जोडायची सोय आहे. ती निदान लावणीच्या महिनाभर गावागावांत पोचावी, असं मला फार वाटतं.

कारण सोय नसली की बाई काय करते, हे आपल्याला ठाऊक आहे. शंभर वर्षांपूर्वी मुंबईत गिरणीत जाणाऱ्या बाया तान्ह्यांना अफूची बाळागोळी चाटवायच्या. पोर निपचित पडलं, की पाळी भरता यायची. आज शिकल्यासवरलेल्या घरांतही प्रवासाला निघताना "झोपेल जरा" म्हणून सर्दीचं औषध पाजतात. सर्दीच्या एका नेहमीच्या मिश्रणावर 'चार वर्षांखालील मुलांना देऊ नये' असं छापायला औषध नियंत्रकांनी 2023 मध्ये सांगितलं. तरीही आपण बाटली उघडतोच. कृपा करून उघडू नका.

आता उरला आमचा शनिवार. पावसाळ्यात पर्यटक येणार, बंगले भाड्यानं जाणार आणि रात्री स्पीकर लागणार. मोकळ्या जागेत रात्री दहा ते सहा ध्वनिवर्धक बंद, हा नियम 2000 सालचा आहे. परवा साडेदहाला चिरंजीव छत्री घेऊन पलीकडच्या बंगल्याच्या फाटकाशी गेले. "घरात लहान बाळ झोपलंय हो," म्हणाले. ती पोरं ओशाळली, आवाज जरा कमी झाला. अकराला पुन्हा वाढला. मग 112 ला फोन केला. बाराच्या आसपास सगळं शांत झालं.

नात मात्र नऊलाच झोपली होती, आणि ती काही उठली नाही. जागे होतो आम्ही तिघं.