सही नसलेलं जर्नल

इंजिनिअरिंगच्या पोरापुढे 'जर्नल' हा शब्द उच्चारून बघा. त्याच्या डोळ्यांसमोर लगेच एम, अ‍ॅपरेटस, थिअरी, ऑब्झर्व्हेशन टेबल, कन्क्लुजन आणि खाली सरांची सही, एवढंच उभं राहतं. एका सेमिस्टरला पाच जर्नलं धरली तरी चार वर्षांत चाळीस होतात. इतकं लिहून त्यात आपलं स्वतःचं वाक्य एकही नसतं. ते मागच्या बॅचच्या फाईलमधून आलेलं असतं, तिच्यात त्याच्या मागच्या बॅचमधून. एखाद्या सीनियरने कधीतरी केलेली स्पेलिंगची चूकसुद्धा वारसाहक्काने आपल्यापर्यंत पोचते! आकृत्यांचंही तेच. खाली दिवा, वर काच, त्यावर मित्राची शीट आणि त्यावर आपली. जीटी मारण्यात आपला हात कुणी धरणार नाही.

याबद्दल उपदेश करायला मी बसलेलो नाही. सबमिशनच्या आदल्या रात्री काय करावं लागतं ते सगळ्यांना ठाऊक आहे. माझं म्हणणं वेगळंच आहे. या चाळीस जर्नलांच्या जोडीला प्रत्येकाने एक एक्केचाळिसावं जर्नल करावं. ते स्वतः शिवलेलं असावं, त्याची पानं स्वतः रंगवलेली असावीत, आणि त्यावर कुणाचीही सही नसावी.

हे बोललं की होस्टेलवर तीन प्रतिक्रिया ठरलेल्या. पहिली, "यार, हे मुलींचं काम आहे." दुसरी, "टाईम कुणाकडे आहे?" आणि तिसरी, "मला चित्र येत नाही, बॉस." पैकी पहिलीला उत्तर द्यायची गरज नाही, पण एक गोष्ट सांगतो.

मायकेल फॅरडे हा लोहाराचा मुलगा. चौदाव्या वर्षी तो लंडनमधल्या एका पुस्तकं बांधणाऱ्याकडे उमेदवारीला लागला आणि सात वर्षं तिथेच राहिला. १८१२ साली त्याला हम्फ्री डेव्हीची चार व्याख्यानं ऐकायला मिळाली. त्याने टिपणं घेतली, ती स्वच्छ उतरवून काढली, उपकरणांची चित्रं काढली आणि सुमारे ३०० पानांचं ते पुस्तक स्वतः बांधून डेव्हीला पाठवून दिलं. १८१३ साली तो रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये मदतनीस म्हणून रुजू झाला. पुढे त्याने आयुष्यभर प्रयोगांची रोजनिशी ठेवली. प्रत्येक परिच्छेदाला क्रमांक द्यायचा, मजकुरात छोटी छोटी रेखाचित्रं काढायची. ते क्रमांक १६ हजारांवर गेले! आपण ज्याच्या नावाचा नियम दोन मार्कांसाठी पाठ करतो, त्याची विज्ञानातली पहिली नोकरी हातानं बांधलेल्या वहीने मिळवून दिली. मग वही शिवणं हे काम नक्की कुणाचं, ते तुम्हीच ठरवा.

आता वेळेचा आणि पैशाचा प्रश्न. कागद विकत आणायचाच नाही. फर्स्ट इयरच्या ईडीच्या शीट्स सगळ्यांच्या कॉटखाली नाहीतर कपाटामागे पडून असतात. टर्मवर्क जमा झालं की त्यांची रद्दी होते. हाफ इम्पीरियल शीट १५ बाय २२ इंचांची. ती तीनदा घडी करून कडा कापल्या की साडेसात बाय साडेपाच इंचांची आठ पानं, म्हणजे सोळा पृष्ठं हातात येतात. कागद जाड, पाणी पिणारा, रंगाला उत्तम. एका बाजूला आपले ऑर्थोग्राफिक प्रोजेक्शन असतात. ते खोडायचे नाहीत, ती आयती नक्षी आहे. घडीवर तीन भोकं पाडायची. सुई आतून मधल्या भोकातून बाहेर काढायची, वरच्या भोकातून आत, आतल्या आत थेट खालच्या भोकातून बाहेर, आणि परत मधल्या भोकातून आत. दोऱ्याची दोन टोकं त्या लांब टाक्याच्या दोन्ही बाजूंना घेऊन गाठ मारली की वही तयार. वर्कशॉपमधला फिटिंगचा जॉब करायला याच्या दहापट वेळ लागतो.

"चित्र येत नाही" म्हणणाऱ्यांसाठी तर खरी मजा पुढे आहे, कारण यात चित्र काढावंच लागत नाही. मेसच्या मावशींकडून उरलेला कोरा चहा मागून घ्या, गार करा आणि कापसाने पानावर फिरवा. पान जुन्या पोथीसारखं तपकिरी होतं. एक गंजका खिळा चार-पाच दिवस व्हिनेगरमध्ये बुडवून ठेवा आणि त्या पाण्यात काडी बुडवून चहाच्या पानावर लिहा. अक्षर हळूहळू काळपट होत जातं. चहातलं टॅनिन आणि खिळ्यातलं लोखंड यांची ती करामत. युरोपात शतकानुशतकं ज्या शाईने दस्तऐवज लिहिले गेले, तिच्या मुळाशी हीच रिअ‍ॅक्शन आहे.

हळदीचं पाणी पानाला लावून वाळवा आणि साबणाच्या पाण्याने त्यावर रेघ ओढा. रेघ लाल उमटते, लिंबू लावलं की पुन्हा पिवळी. बारावीच्या केमिस्ट्रीतला इंडिकेटर तो हाच. मात्र हळद उन्हात उडते, म्हणून वही मिटून ठेवावी. पांढरी मेणबत्ती पानावर घासा आणि वरून पातळ वॉटर कलर फिरवा. मेण पाणी घेत नाही, त्यामुळे लपवलेली अक्षरं पांढरी वर येतात. (मेणबत्ती पेटवायची नाही, तेव्हा रेक्टर सरांनी काळजी करू नये.) भेंडी आडवी कापून स्टॅम्प पॅडवर दाबा, पाच पाकळ्यांचं फूल मिळेल. पिंपळाच्या पानाच्या मागच्या बाजूला रंग लावून चमच्याने दाबा, एकेक शीर उमटेल. सागाचं कोवळं पान बोटांनी चुरडलं तर लाल रंग फुकट.

ओलं पान वाळताना वाकडं होतं, कारण पाणी शिरलं की कागदातले तंतू जाडीत फुगतात आणि सगळीकडे सारखे फुगत नाहीत. अशा वेळी पान अर्धवट वाळल्यावर जाडजूड रेफरन्स बुकांखाली दाबून ठेवावं. ही पुस्तकं आपल्या हातून प्रथमच उपयोगात आल्याचं समाधानही मिळतं! तिकिटं, पाकिटं चिकटवायला मैद्याची खळ पुरते. किडे लागू नयेत म्हणून बाइंडर लोक खळीत मोरचूद घालत, पण ते विष आहे. आपण लागेल तेवढीच ताजी खळ करावी.

ही अडाण्याची कला आहे असं कुणाला वाटत असेल, तर विजापूरकडे बघा. सतराव्या शतकात दख्खनच्या चित्रकारांनी पाण्यावर रंग तरंगवून कागदावर उचलण्याच्या तंत्राने, म्हणजे अबरीने, अख्खी चित्रं घडवली. ती आज जगातल्या मोठ्या संग्रहालयांत आहेत. किंवा आपल्या वारली चित्रांकडे बघा. वर्तुळ, त्रिकोण आणि रेघ, याच्या पलीकडे त्यात आकार फारसा नाही. गेरूने सारवलेल्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने, बांबूच्या काडीने बायका लग्नाचा चौक लिहीत. जिव्या सोमा मशे यांनी ती चित्रं भिंतीवरून कागदावर आणि कापडावर आणली, जगभर नेली. २०११ साली त्यांना पद्मश्री मिळाली, २०१८ साली ते गेले. त्यांचा तारपा उचलून आपल्या वहीत चिकटवला तर ती पुन्हा जीटीच झाली. पण त्या आकारांत आपली मेसची लाईन का काढू नये? हातात ताट, पुढे भांडणारे दोघे, आणि शेवटी आपण.

इथपर्यंत कुणी म्हणेल, छंद चांगला आहे, पण त्यासाठी एवढा आग्रह कशाला?

सेकंड इयरला माझ्या रूममेटला वायडी लागला. तो गावी गेला तो परत आलाच नाही. वडिलांबरोबर शेती बघतो. त्याचं सामान न्यायला त्याचा चुलता आला, तेव्हा मी कपाट आवरायला मदत केली. नऊ फाईली निघाल्या. सुंदर अक्षर, सगळ्यांवर सह्या, 'कम्प्लीटेड' असे शेरे. मी एकेक चाळत होतो. इतका बडबड्या मुलगा, रात्री दोन-दोनपर्यंत गावच्या गोष्टी सांगणारा, पण त्या नऊ फाईलींत तो कुठेच नव्हता. चुलत्यांनी विचारलं, "हे न्यायचं का रद्दीत घालायचं?" मला उत्तर सुचलं नाही.

त्याच्या हातचं जे काही माझ्याकडे आहे, ते माझ्या वहीतल्या एका पानावर आहे. एका रविवारी मेसमधून आणलेली भेंडी त्याने ब्लेडने कापली होती आणि माझ्या वहीत वाकडीतिकडी सात फुलं उमटवून खाली लिहिलं होतं, "भाजीपेक्षा बरी लागते." बस, एवढंच. चार शब्दही नाहीत, पण ते त्याचे आहेत. ते पान उघडलं की त्याचा आवाज ऐकू येतो. फोनमध्ये त्याचे फोटो पुष्कळ आहेत, हे खरं. पण ते हजारो फोटोंत गाडले गेलेत आणि मी ते शोधायला जात नाही. पान मात्र वही चाळताना आपणहून समोर येतं.

म्हणून माझा आग्रह. पान रंगवायला बसलं की हात संथ होतो, आणि हात संथ झाला की दिवस आठवतो. आज कोण भेटलं, काय बिनसलं, घरी फोन का केला नाही. चहा वाळेपर्यंत थांबावंच लागतं. त्या वीस मिनिटांत जे सुचतं ते कॉपी करायला दुसऱ्या कुणाची फाईल नसते. होस्टेलवर आपण चोवीस तास चौघांत असतो, पण मनातलं बोलायला तोंड उघडत नाही, हे काय मी वेगळं सांगायला हवं?

दोन गोष्टी मात्र टाळू या. एक, बाजारातल्या महागड्या टेप आणि स्टिकर्स. तयार फूल चिकटवणं आणि तयार थिअरी उतरवणं यांत फारसा फरक नाही. आणि पान पूर्ण व्हायच्या आत त्याचा फोटो टाकायची घाईही नको. दोन, स्पर्धा. कल्चरलवाल्या मित्रांनो, कृपा करून 'जर्नल डेकोरेशन कॉम्पिटिशन' ठेवू नका! परीक्षक आले की आपण त्यांच्यासाठी रंगवू लागतो, आणि दुसऱ्यासाठी लिहिलेल्या फाईली आपल्याकडे मुळातच जास्त आहेत.

सर आणि मॅडमनाही एक विनंती. टर्मवर्क संपल्यावर ईडीच्या शीट्स रद्दीला न घालता ज्याच्या त्याला परत द्या. आणि जमलं तर प्रत्येक जर्नलमध्ये शेवटचं एक पान कोरं सोडायला परवानगी द्या. प्रयोग करताना जे खरंच दिसलं, म्हणजे उडालेला फ्यूज, उलटी जोडलेली वायर, न आलेलं रीडिंग, ते मुलांनी आपल्या हातानं त्या पानावर काढावं. त्या पानाला मार्क नकोत, सहीही नको. तुम्ही फक्त ते वाचा.

बाकी मित्रांनो, सबमिशन्स होत राहतील. तोपर्यंत कॉटखालच्या शीट्स बाहेर काढा, सुई-दोरा शोधा. आणि उद्या मेसमध्ये भेंडी असेल, तर शिजायच्या आधी दोन मागून घ्या.